त्याच दिवशी बसवलेला सिरॅमिक क्राउन वारंवार सुटत असेल, तर सिमेंट कोठे राहिले ते आधी पाहावे

सकाळी दात तासून तोंडातच स्कॅन करायचा, संगणकावर क्राउनचा आराखडा आखायचा, दवाखान्यातल्याच मिलिंग यंत्रात सिरॅमिकचा ठोकळा कोरून घ्यायचा आणि संध्याकाळच्या आत कायमचा क्राउन, म्हणजे दातावरची टोपी, बसवून रुग्णाला घरी पाठवायचे, या पद्धतीला गोव्यात मागणी का आहे हे येथे दवाखाना चालवणाऱ्याला सांगावे लागत नाही. बोटीवर किंवा आखातात नोकरी करणारा माणूस चतुर्थीला नाहीतर नाताळला मोजक्या रजेवर घरी येतो, आणि प्रयोगशाळेतून क्राउन तयार होऊन येईपर्यंत थांबण्याइतके दिवस त्याच्या हाती नसतात. मात्र असा क्राउन पुढे भर समुद्रात सुटला, तर त्या माणसाला कित्येक आठवडे दंतवैद्य भेटणार नसतो. म्हणूनच एकाच दवाखान्यातले क्राउन वारंवार सुटू लागले, तर ती गोष्ट किरकोळ मानून पुढे जाता येत नाही.

येथे ज्या तक्रारीचा विचार करायचा आहे तिचे स्वरूप ठरलेले असते. क्राउन फुटलेला नसतो, त्याला तडाही गेलेला नसतो. जत्रेतले खाजे किंवा एखादा चिकट पदार्थ खाताना, कधी तर काहीही न खाता, तो अखंड हातात येतो. रुग्ण तो कागदात गुंडाळून आणतो, दवाखान्यात तो खरवडून स्वच्छ केला जातो, पुन्हा चिकटवला जातो आणि काही महिन्यांनी तोच रुग्ण तोच क्राउन घेऊन परत येतो. माझ्या मते या साखळीतला घातक टप्पा खरवडण्याचा आहे, कारण क्राउन का सुटला याचा बहुतेक सर्व पुरावा त्या आतल्या सिमेंटमध्ये असतो आणि तोच आपण आधी नष्ट करतो.

सुटलेला क्राउन हाती आला की प्रथम तो केवळ पाण्याने धुवावा, वाळवावा आणि भिंगाखाली आतून पाहावा. दातही तसाच वाळवून पाहावा आणि दोन्हींची छायाचित्रे काढून ठेवावीत. सिमेंट दाताच्याच रंगाचे असल्यामुळे साध्या डोळ्यांना फसगत होते. अनेक रेझिन सिमेंटे अतिनील टॉर्चच्या प्रकाशात वेगळी चमकतात, त्यामुळे तसा टॉर्च जवळ असणे उपयोगाचे ठरते. यानंतर प्रश्न एकच उरतो, तो म्हणजे सिमेंट कोठे राहिले. ते दातावर राहिले असेल आणि क्राउन आतून कोरा असेल, तर सिरॅमिकच्या बाजूची जोडणी तुटली आहे. ते क्राउनमध्ये राहिले असेल आणि दात कोरा असेल, तर दाताच्या बाजूचा दोष शोधावा लागतो. ते दोन्हीकडे विभागले गेले असेल, भुसभुशीत किंवा फार जाड दिसत असेल, तर सिमेंट नीट घट्ट झाले नाही किंवा क्राउनचा आकार, बसणी अथवा चावा यांपैकी काहीतरी चुकले आहे, असे धरून चालावे.

या एका प्रश्नाला एवढे महत्त्व देण्यामागे या पद्धतीची घडणच कारणीभूत आहे. झुरिच विद्यापीठात वेर्नर म्योरमान आणि मार्को ब्रांडेस्टिनी यांनी विकसित केलेल्या सेरेक यंत्रावर 1985 मध्ये पहिली सिरॅमिक भरणी रुग्णाच्या दातात बसवली गेली. त्या काळी कोरीव भरणीच्या कडेला राहणारी फट आजच्यापेक्षा बरीच मोठी असे, आणि ती रेझिनने भरून, सिरॅमिक व दात दोन्हींना रासायनिक पकड देऊनच ती भरणी टिकवली जात असे. आज स्कॅनर अतिशय सूक्ष्म झाले, कोरणीही बारीक झाली, तरी काचमय सिरॅमिकच्या बाबतीत बराचसा भार अजून चिकटवणीवरच आहे. धातूच्या क्राउनला जुन्या फॉस्फेट सिमेंटने केवळ घर्षणाच्या बळावर धरून ठेवण्याचा हिशेब येथे लागू पडत नाही.

क्राउन आतून कोरा असेल तर

माझ्या अनुभवात वारंवार सुटण्याच्या तक्रारीत हाच प्रकार अधिक आढळतो, आणि त्याचे पहिले कारण म्हणजे ठोकळा कोणत्या जातीचा आहे याकडे झालेले दुर्लक्ष. एकाच खणात लिथियम डायसिलिकेट, ल्युसाइट, फेल्डस्पार, झिर्कोनिया आणि रेझिनमिश्रित असे सगळे ठोकळे ठेवलेले असतात, आणि मदतनीस प्रत्येकाला एकाच सवयीने आम्ल लावतो. लिथियम डायसिलिकेटला 5 टक्के हायड्रोफ्लोरिक आम्ल 20 सेकंद पुरते, आणि त्याहून पुष्कळ अधिक वेळ ठेवल्यास पृष्ठभाग दुबळा होतो. फेल्डस्पार आणि ल्युसाइट या प्रकारांना त्याच आम्लाचे साधारणपणे 60 सेकंद लागतात. झिर्कोनियात काचेचा अंशच नसल्यामुळे हे आम्ल दवाखान्यातल्या नेहमीच्या वापरात त्याला खडबडीत करू शकत नाही. तेथे 50 मायक्रॉनच्या अॅल्युमिना कणांचा हलक्या दाबाचा मारा आणि त्यावर एमडीपी (झिर्कोनियाला रासायनिक पकड देणारा घटक) असलेला प्रायमर हाच मार्ग आहे. रेझिनमिश्रित ठोकळ्यांची बाब आणखी वेगळी आहे. थ्रीएम कंपनीने आपल्या लाव्हा अल्टिमेट या ठोकळ्यासाठी क्राउनचा वापर 2015 मध्ये शिफारशीतून काढून टाकला, कारण ते क्राउन अपेक्षेपेक्षा अधिक प्रमाणात सुटत होते; इनले आणि ऑनले (दाताच्या काही भागापुरत्या भरण्या) यांसाठीची शिफारस मात्र कायम राहिली. लवचीक पदार्थाचा पूर्ण क्राउन चावताना वाकतो आणि तो ताण सिमेंटच्या थरावर येतो, हे त्यामागचे समजण्याजोगे कारण आहे. तेव्हा सुटलेल्या क्राउनची नोंद काढून त्याचा ठोकळा कोणता होता ते पाहणे ही पहिली पायरी ठरते, आणि अशी नोंदच ठेवली जात नसेल तर ती आजपासून सुरू करावी.

आम्ल लावून धुतल्यानंतर काचमय सिरॅमिकची आतली बाजू सर्वत्र सारखी पांढुरकी आणि निस्तेज दिसली पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात चकाकी राहिली असेल, तर तेथे आम्ल पोहोचलेले नाही. उलट खडूसारखा सैल पांढरा थर दिसला, तर ते आम्लाच्या क्रियेतून उरलेले क्षार आहेत आणि ते काढल्याशिवाय सिलेन (सिरॅमिक आणि रेझिन यांना जोडणारे द्रव्य) लावू नये. क्राउन अल्कोहोलमध्ये किंवा ऊर्ध्वपातित पाण्यात अल्ट्रासॉनिक यंत्रात ठेवल्यास ते सुटतात. हायड्रोफ्लोरिक आम्ल तोंडात कधीही वापरू नये. बाहेर वापरतानाही हातमोजे आणि चष्मा असावा, ते सोडियम बायकार्बोनेटने निष्प्रभ करूनच टाकावे आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल हाताशी ठेवावे, कारण हे आम्ल त्वचेतून आत शिरते आणि वेदना उशिरा जाणवते.

दुसरे कारण कामाच्या क्रमात दडलेले असते. वेळ वाचावा म्हणून क्राउनला आधी आम्ल आणि सिलेन लावून ठेवतात आणि मग तो तोंडात बसवून पाहतात. त्या क्षणी लाळ आतल्या पृष्ठभागावर पसरते आणि आधीची सारी तयारी वाया जाते. बसणी, कडा आणि शेजारच्या दातांशी असलेला स्पर्श हे सर्व आधी तपासून घ्यावे, आणि आतल्या पृष्ठभागाची तयारी अगदी शेवटी, सिमेंट भरण्याच्या लगेच आधी करावी. झिर्कोनियाच्या बाबतीत लाळेतले फॉस्फेट पृष्ठभागाला घट्ट धरतात, म्हणून तेथे नुसते पाणी किंवा फॉस्फोरिक आम्ल चालत नाही. फॉस्फोरिक आम्ल तर स्वतःच फॉस्फेट मागे ठेवते. त्यासाठी बनवलेली स्वच्छता पेस्ट वापरावी किंवा कणांचा मारा पुन्हा करावा.

तिसरे कारण आपल्या किनारपट्टीवर विशेष लक्ष मागणारे आहे, आणि ते म्हणजे ओलावा. एखाद्या दवाखान्यातले सुटलेले क्राउन नोंदवहीत तारखेनुसार मांडले आणि त्यांतले बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात चिकटवलेले निघाले, तर माझा पहिला संशय दंतवैद्याच्या हातावर नसून कॉम्प्रेसरवर असतो. पावसाळ्यातली हवा दाबली गेली की तिच्यातले पाणी टाकीत साचते. ते रोज काढले नाही किंवा वाळवणीचा फिल्टर निकामी झाला असेल, तर हवा-पाणी सोडणाऱ्या थ्री-वे सिरिंजमधून हवेबरोबर पाण्याचे सूक्ष्म तुषार येतात, आणि आपण सिलेन वाळवतो आहोत असे समजून प्रत्यक्षात ते भिजवत असतो. कॉम्प्रेसर तेलाचा असेल तर त्यात तेलाचाही अंश मिसळतो. याची तपासणी अगदी सोपी आहे. स्वच्छ, कोरड्या आरशावर किंवा काचेच्या पट्टीवर सिरिंजची हवा काही सेकंद सोडावी आणि काच तिरकी धरून प्रकाशात पाहावी. एकही ठिपका दिसला तर त्या हवेने क्राउन वाळवू नये. टाकीच्या तळाची तोटी पावसाळ्यात दिवसातून दोनदा उघडावी, आणि दोष दूर होईपर्यंत क्राउन वाळवण्यासाठी ब्लोअरची कोमट, तेलविरहित हवा वापरावी.

त्याच ओलाव्याचा दुसरा चोरमार्ग फ्रिजमधून येतो. सिलेन, बाँडिंगची (दाताला रेझिन धरून ठेवणाऱ्या द्रवाची) बाटली आणि सिमेंट ही सामग्री थंड ठेवली जाते, आणि घाईत ती बाहेर काढून लगेच उघडली की दमट हवेतले पाणी थंड बाटलीच्या तोंडाशी व आतही धरते. एका बाटलीत तयार मिळणाऱ्या सिलेनला हे विशेष बाधते. बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, थेंब काढताच झाकण लावावे आणि द्रव किंचितही गढूळ दिसला तर मुदत शिल्लक असली तरी ती बाटली टाकून द्यावी. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिण्याची सवय ही साधी गोष्ट आहे, परंतु याच सवयीच्या अभावी कित्येक क्राउन सुटत असावेत, असे मला मनापासून वाटते.

दात कोरा असेल तर

येथे आधी विचारावा असा प्रश्न म्हणजे त्या दाताचे रूट कॅनल त्याच दिवशी किंवा जरा आधी झाले होते का. रजेवर आलेल्या रुग्णाच्या बाबतीत रूट कॅनल, गाभ्याची भरणी आणि क्राउन हे सगळे एका बैठकीत उरकण्याचा आग्रह असतो, आणि तो समजण्यासारखाही आहे. पण कॅनल धुण्यासाठी वापरलेले सोडियम हायपोक्लोराइट डेन्टिनच्या, म्हणजे दाताच्या आतल्या थराच्या, पृष्ठभागावर असा परिणाम ठेवून जाते की रेझिन तेथे पुरते घट्ट होत नाही. कॅनल बंद करण्यासाठी वापरलेला युजेनॉल असलेला सीलर पोकळीच्या भिंतींना लागला असेल तर तोही हाच अडथळा निर्माण करतो. अशा वेळी भिंती अल्कोहोलने पुसून, बारीक डायमंड बरने ताजे डेन्टिन उघडे करून मगच बाँडिंग करावे. हायपोक्लोराइटचा परिणाम कमी करण्यासाठी सोडियम अॅस्कॉर्बेटच्या द्रावणाचाही उपयोग होतो. शक्य असेल तेथे मी रुग्णाला कॅनलचे काम रजेच्या पहिल्या दिवसांत आणि क्राउन शेवटच्या आठवड्यात, असे दोन भाग करण्यास सुचवतो. एका दिवसात क्राउन होतो याचा अर्थ संपूर्ण उपचार एका दिवसात व्हावा असा नाही.

रक्त थांबवण्यासाठी लावलेले अॅल्युमिनियम क्लोराइड किंवा फेरिक सल्फेट कडेला उरले असेल, तर बाँडिंग तेथेच कमकुवत होते. प्युमिसने घासून आणि फॉस्फोरिक आम्लाने धुऊन ती कडा स्वच्छ करावी. हिरडीच्या खाली गेलेली कडा, जेथे रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबराचा पडदा) बसतच नाही, तेथे चिकटवणीवर विसंबू नये. अशा दाताला घर्षणावर टिकणारा आकार देऊन झिर्कोनियाचा क्राउन करणे अधिक प्रामाणिक आहे, आणि दात हिरडीखाली खोल तुटला असेल तर आधी कडा वर आणण्याची शस्त्रक्रिया व्हावी. त्यासाठी रुग्णाला बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयातील तज्ज्ञांकडे पाठवता येते.

तासून झाल्याबरोबर, स्कॅन करण्यापूर्वीच, ताज्या डेन्टिनवर बाँडिंग लावून ते सील करण्याची पद्धत मला फार मोलाची वाटते, कारण त्या क्षणी डेन्टिन जितके स्वच्छ असते तितके ते पुन्हा कधीच मिळत नाही. यात एकच पथ्य आहे. लाइट क्युअर केल्यावर, म्हणजे प्रकाशाने घट्ट केल्यावर, वरचा चिकट थर उरतो. त्यावर ग्लिसरीन जेल लावून पुन्हा प्रकाश द्यावा आणि पुसून घ्यावे, नाहीतर स्कॅनमध्ये चकाकी येते.

सिमेंट दोन्हीकडे असेल तर

हा प्रकार उलगडायला वेळ लागतो. सिमेंट नखाने खरवडता येईल इतके मऊ असेल, तर लाइट क्युअरचा दिवा तपासावा. त्याच्या टोकाला चिकटलेला रेझिनचा थर किंवा थकलेली बॅटरी यांमुळे प्रकाश क्षीण होतो आणि डोळ्यांना तो तेवढाच निळा दिसत राहतो, म्हणून रेडिओमीटरने तो ठरावीक काळाने मोजावा. जाड क्राउनखाली प्रकाश कमीच पोहोचतो, त्यामुळे तेथे प्रकाशाने आणि अंधारातही घट्ट होणारे ड्युअल क्युअर सिमेंट वापरतात. पण एका बाटलीच्या आम्लधर्मी बाँडिंगमुळे काही ड्युअल क्युअर सिमेंटांची अंधारात घट्ट होण्याची क्रिया रोखली जाते. म्हणून बाँडिंग एका कंपनीचे आणि सिमेंट दुसऱ्या कंपनीचे अशी जोडी लावू नये, किंवा लावायचीच असेल तर उत्पादकाने सांगितलेला अॅक्टिव्हेटर वगळू नये.

सिमेंट घट्ट पण जाड असेल, तर दोष बसणीत आहे. मिलिंग बरच्या टोकाची जाडी ठरलेली असते, आणि तासलेल्या दाताला त्याहून तीक्ष्ण धार राहिली असेल तर ती धार सामावून घेण्यासाठी यंत्र क्राउन आतून गरजेपेक्षा अधिक कोरते. परिणामी क्राउन दातावर सैल बसतो आणि सिमेंटचा थर असमान होतो. तासताना सर्व कोपरे गोलाकार करणे हाच यावरचा उपाय आहे. सॉफ्टवेअरमधली स्पेसरची, म्हणजे सिमेंटसाठी सोडायची, जागा वाढवून क्राउन कसाबसा बसवणे हा उपाय नव्हे. दाढेच्या भिंतींची उंची निदान 4 मिलिमीटर असावी आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींचा एकत्रित उतार 10 ते 20 अंशांच्या दरम्यान राहावा, हे जुने प्रमाण डिजिटल युगातही बदललेले नाही. दुसऱ्या दाढेचा बुटका दात असेल तर बाजूला खाचा देऊन पकड वाढवावी. कडेच्या फटीसाठी 120 मायक्रॉन ही मर्यादा मॅकलीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी 1971 मध्ये मांडली आणि ती आजही व्यवहारात आधार म्हणून घेतली जाते. एकाच आठवड्यातले अनेक क्राउन सैल निघाले, तर बर झिजले आहेत का, पाण्याच्या टाकीतले द्रव वेळेवर बदलले का आणि यंत्र हलवल्यानंतर कॅलिब्रेशन झाले होते का, हे पाहावे.

भट्टीविषयी एक सूचना स्वतंत्रपणे द्यावी लागते, कारण पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाणे नवीन नाही. लिथियम डायसिलिकेटचा निळसर ठोकळा सुमारे 840 अंश सेल्सिअसला भाजल्यावरच पूर्ण स्फटिकरूप घेतो. मध्येच वीज गेली आणि यंत्र नंतर पुन्हा चालू केले, तर रंग जवळजवळ बरोबर दिसूनही बळकटी अपुरी राहू शकते. भट्टीला यूपीएस असावा आणि खंडित झालेल्या भाजणीचा क्राउन रुग्णाला बसवू नये. भट्टीचे तापमान खरे आहे का हे चांदीच्या चाचणीने तपासता येते, कारण शुद्ध चांदी 962 अंशांना वितळते.

आणि अखेर चावा. त्याच दिवसाच्या कामात ही अडचण मुळातच असते, कारण खालच्या जबड्याला बधिर केलेला रुग्ण आपला नेहमीचा चावा चावू शकत नाही, आणि त्या स्थितीत घेतलेला बाइट स्कॅन फसवा ठरतो. चाव्याचा स्कॅन इंजेक्शन देण्यापूर्वीच घेऊन ठेवावा. बसवल्यानंतर शिमस्टॉकच्या पातळ पट्टीने, ती दातांमध्ये धरून, शेजारचे दातही पट्टी धरतात ना ते पाहावे, जबडा डावी-उजवीकडे सरकवताना क्राउनवर ओरखडा उमटत असेल तर तेवढा भाग कमी करून पॉलिश करावा, आणि बधिरता उतरल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, रुग्णाला पुन्हा बोलावून चावा तपासावा. रात्री दात खाण्याची सवय असलेल्यांना नाइट गार्ड न देता सोडू नये.

सुटलेला क्राउन पुन्हा चिकटवायचा की नवा करायचा, याचा निर्णय यानंतर घ्यावा. सिरॅमिकच्या बाजूने सुटलेला, कडा शाबूत असलेला आणि दातावर घट्ट बसणारा क्राउन पुन्हा तयार करून चिकटवण्यात काही गैर नाही. मात्र लिथियम डायसिलिकेटवर जोराच्या दाबाने अॅल्युमिनाचा मारा करू नये, कारण त्याने सूक्ष्म तडे पडतात. सैल बसणीचा क्राउन मात्र कितीही उत्तम सिमेंट वापरले तरी पुन्हा सुटतो, म्हणून तो नवाच करावा. नवा करताना संगणकात साठवलेल्या जुन्या स्कॅनवरून थेट कोरणी करू नये. दातावरचे सिमेंट बरने काढताना त्याचा आकार बदललेला असतो, तेव्हा स्कॅनही नवा घ्यावा.

परदेशी किंवा बोटीवर परतणाऱ्या रुग्णाच्या हाती एक लहान कार्ड द्यावे आणि त्यावर दाताचा क्रमांक, ठोकळ्याची जात, रंगछटा, सिमेंटचे नाव आणि बसवल्याची तारीख लिहावी, म्हणजे दुसऱ्या देशातल्या दंतवैद्यालाही कोणते आम्ल किती वेळ लावायचे ते कळेल. क्राउन सुटलाच तर तो कोरड्या डबीत ठेवावा, आतून खरवडू नये आणि बाजारात मिळणाऱ्या झटपट गोंदाने तो स्वतः चिकटवू नये, हेही त्याच कार्डाच्या मागे त्याला वाचता येईल अशा भाषेत छापून द्यावे.